हौद, नळ आणि पेनड्राइव्ह

गणिताच्या निवृत्त मास्तरांनी तपकीर गल्लीतून साडेबाराशेचा पेनड्राइव्ह आणला, तेव्हा मास्तरीणबाईंनी तो तळहातावर तोलून पाहिला. "अहो, एवढ्याशा कांडीला?"

वेष्टनावर ठसठशीत '४०० एमबी' आणि पुढे मुंगीएवढं 'पर्यंत'. साड्यांच्या सेलमधला 'पर्यंत' बाईंना बरोब्बर कळतो. मास्तर मात्र फसले. तो आकडाही वाचण्याच्या वेगाचा. लिहिण्याच्या वेगाबद्दल खोक्यानं मौन पाळलं होतं.

निमित्त भाचीच्या लग्नाचं. हळदीपासून पाठवणीपर्यंतचं ३२ जीबी चित्रीकरण व्याह्यांना द्यायचं होतं. जुना पेनड्राइव्ह सेकंदाला १० एमबी लिही, म्हणजे ५३ मिनिटं. नव्यानं १७ घेतली. मास्तर खट्टू. संगणकाचं मागचं भोक यूएसबी २.० चं. कागदावर ४८० मेगाबिट. आठानं भागले की ६० मेगाबाइट. प्रत्यक्षात पदरात तीस-पस्तीस. (हे आठानं भागणं गिऱ्हाईक विसरतं, यावर कितीतरी दुकानं चालतात.)

"मामा, पुढे निळं भोक आहे की!" भाचा म्हणाला. ते यूएसबी ३.०, २००८ सालचं. पुढे त्याचं ३.१ जेन १ झालं, मग ३.२ जेन १. रस्त्याचं दोनदा नामकरण, खड्डे तेच; वेग ५ गिगाबिटच.

निळ्या भोकात काम साडेपाच मिनिटांत उरकलं. म्हणजे सेकंदाला शंभरेक एमबी. उरलेले तीनशे कुठे गेले?

आयुष्यभर मुलांना हौद आणि नळाची गणितं घातलेल्या माणसाला उत्तर सापडायला रात्र गेली. मिनिटाला ५४०० फेऱ्या मारणारी जुनी हार्ड डिस्क देऊन देऊन देणार तेवढंच. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार!

सकाळी वहीत हिशेब. असली कॉपी वर्षातून चारदा: वाचले जेमतेम सव्वातीन तास. संगणक उघडायला रोज चार मिनिटं: वर्षाला २४ तास! त्यात हार्ड डिस्कचा दोष मोठा, कारण सुरू होताना हजारो बारीकसारीक तुकडे शोधायला तिची सुई तबकडीवर सैरावैरा धावते. एसएसडीत तबकडीच नाही. पेनड्राइव्हच्या पैशांत थोडी भर घातली असती, तर ती आली असती. रोज लग्नं टिपणाऱ्या छायाचित्रकाराला वेगवान कांडी परवडेल. मास्तरांच्या घरी भाच्या दोनच.

अखेर एसएसडी बसली. संगणक पंचवीस सेकंदांत उघडतो. पूर्वी बटण दाबून मास्तर चहाचं आधण ठेवत. आता आधणाला बुडबुडे यायच्या आत पडदा तयार, त्यामुळे चहा दोनदा उतू गेला.

पेनड्राइव्ह गाडीत गेला. तिथे अभंग वाजतात, ३२० किलोबिटचे. परवा सिग्नलला थांबल्या थांबल्या मास्तरांनी आठानं भागलं: सेकंदाला ४० केबी. चारशे एमबीचा दहा हजारावा हिस्सा. बाईंना हा आकडा अजून सांगितलेला नाही.