व्ही.पी.ने जादूगार कसे व्हावे

प्रस्तुत मार्गदर्शन 1975 च्या सुमारास पाचवीत असलेल्या मुलामुलींसाठी आहे. ते हाती पडायला पन्नास वर्षे उशीर झाला, अशी तक्रार करू नये. पोस्टमनला पैसे देऊन सोडवायची व्ही.पी. उशिराच येते.

सर्वप्रथम जादूच्या संचाची जाहिरात शोधावी. ती मासिकाच्या शेवटच्या पानांत, उंची वाढवण्याच्या औषधाखाली असते. चित्रात फेटेवाला जादूगार, त्याच्या बोटांतून निघणाऱ्या विजा. चित्रातल्या वस्तूचा आकार आणि पुडक्यातून निघणाऱ्या वस्तूचा आकार यांचे प्रमाण व्यस्त असते, हा नियम पाठ करावा. ‘मित्रांना थक्क करा’ या वाक्यात तुम्हाला मित्र आहेत असे गृहीत धरलेले असते. तेवढी सोय आपली आपण करावी.

ज्यांच्या गल्लीत रद्दीचे दुकान आहे त्यांना जुनी अमेरिकन कॉमिक्स सापडतील. त्यांच्या जाहिराती वाचाव्यात, पण नादी लागू नये. त्यांतला एक्स-रे चष्मा आणि ‘सी-मंकीज’ नावाचे जलचर विकणारा माणूस एकच, हॅरोल्ड फॉन ब्राउनहट. चष्म्याच्या भिंगात पीस बसवलेले असे. पिसाच्या तंतूंमधून येताना प्रकाश वाकतो, वस्तूच्या दोन सरकलेल्या प्रतिमा दिसतात आणि त्या जिथे एकमेकींवर चढतात तो काळसर भाग म्हणजे हाड, असे गिऱ्हाइकाने समजायचे. सी-मंकीज चित्रात मुकुट घातलेले, राजवाड्यासमोर सहकुटुंब उभे. बाटलीत मात्र खाऱ्या पाण्यातली, डोळ्यांना जेमतेम दिसणारी कोळंबीची जात. मालवणच्या मुलाला डॉलर मोजून कोळंबी मागवायला लावायची आणि वर ती खायची नाही म्हणायचे, हा धंदा आपल्याकडे चालला नसता.

तेव्हा स्वदेशीच संच मागवावा. पोस्टकार्डावर पत्ता सुवाच्य लिहावा आणि पिनकोड गाळू नये. तो 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला आणि त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, शिवाय संस्कृत कवी, होते. त्यांच्या कष्टाचा उपयोग निदान खाजकुयलीची पूड घरपोच येण्यासाठी तरी व्हावा. खाली सही स्वतःची करावी. वडिलांची सही प्रगतिपुस्तकासाठी राखून ठेवावी.

आता वाट पाहावी. अभ्यासक्रमाचा सर्वांत मोठा आणि एकमेव यशस्वी भाग हाच. या दिवसांत तुम्ही अजून एकदाही फसलेले नसता. वर्गात घोषणा करून टाकावी, वहीच्या मागच्या पानावर फलक रंगवावा. आडनाव गाळावे. पुण्याच्या रघुवीर भोपळ्यांनी ‘जादूगार रघुवीर’ एवढ्याच नावावर देशोदेशी खेळ केले.

पुडके आले की पहिला प्रयोग पोस्टमनकाका करतात. पैसे आधी द्यायचे, पुडके नंतर उघडायचे. आजीच्या बटव्यातल्या नोटा सर्वांदेखत नाहीशा होतात आणि त्यांच्या जागी एक पुठ्ठ्याची पेटी उरते. इतका सफाईदार प्रयोग तुमच्याकडून पुढे होणार नाही.

पेटीतून निघेल ते असे. एक पत्त्यांचा कॅट, ज्यात निम्मी पाने बदाम सत्तीचीच आणि बाकीच्यांपेक्षा केसभर आखूड. म्हणूनच एका बाजूने फर्रकन सोडला तर सगळी पाने वेगवेगळी दिसतात, दुसऱ्या बाजूने सगळ्या सत्त्या. तो मेंढीकोटला देऊ नये, घरात भांडणे होतात. एक डबी, जिच्यातला चेंडू गायब करायचा असतो. एक गायब होणारी शाई. तिचा निळा रंग अल्कलीमुळे असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड तो अल्कली मारतो आणि डाग विरतो. काकांच्या पांढऱ्या शर्टावर प्रयोग करताना अडचण एवढीच, की कार्बन डायऑक्साइडच्या आधी काकांचा हात पोचतो.

जादूचा लोटा संचात नसतो, फक्त पत्रकात असतो: ‘अधिक रक्कम पाठवा.’ रक्कम पाठवू नये, गुपित इथेच घ्यावे. लोट्याच्या आत दुसरा चोरकप्पा असतो आणि वर काठाजवळ त्याचे बारीक छिद्र. छिद्रावर अंगठा दाबला की हवा आत शिरत नाही, म्हणून लोटा पालथा केला तरी कप्प्यातले पाणी जागचे हलत नाही. अंगठा उचलला की ते बाहेरच्या भागात झिरपते आणि रिकामा लोटा पुन्हा भरतो. ज्याला मोठमोठे जादूगार ‘वॉटर ऑफ इंडिया’ म्हणत, ते एवढेच. हे घरच्या तांब्याला भोक पाडून साधण्याचा प्रयत्न करू नये. तांब्या लग्नातला असतो.

धाकट्या बहिणीवर करवत चालवू नये. जादूगार पी. सी. सरकारांनी 9 एप्रिल 1956 ला बीबीसीवर एका मुलीला करवतीने कापले. ती उठण्याआधीच वेळ संपली म्हणून निवेदकाने कार्यक्रम आवरता घेतला आणि मुलगी खरेच गेली की काय, असे विचारणाऱ्या प्रेक्षकांचे फोन खणाणले. सरकार रातोरात लंडनभर प्रसिद्ध झाले. तुमच्या घरी फोन नाही. आई थेट स्वयंपाकघरातून येईल, आणि तिच्या हातात लाटणे असेल.

प्रेक्षक म्हणून आजीला पुढे बसवावे. डबीतला चेंडू तुमच्या मुठीतून घरंगळून तिच्या पायाशी आला, तरी ती पदराखाली तो झाकेल आणि “अगो बाई, गेला कुठे मेला!” म्हणेल. धाकट्या भावाला मागे, शक्यतो दुसऱ्या खोलीत बसवावे.

चेंडू हरवला की संच वर्गमित्राला निम्म्या किमतीत विकावा. पेटी उघडून दाखवू नये. पैसे आधी घ्यावेत.