कै. हायरम जॉन्सन यांस, मु. पो. कोल्मा

कै. हायरम जॉन्सन साहेब,
माजी गव्हर्नर, कॅलिफोर्निया,
सायप्रस लॉन स्मशानभूमी, मु. पो. कोल्मा.

कृ. सा. न. वि. वि.

आपली ओळख नाही. मी महाराष्ट्रातला एक निवृत्त ग्रामसेवक. मुलगी आणि जावई सॅक्रामेंटोला असतात. नातवाला सांभाळायला म्हणून आम्ही उभयता सहा महिन्यांसाठी इथे आलो आहोत. सॅक्रामेंटो तुमचे जन्मगाव. गाववाल्याला पत्र टाकायला ओळख कशाला हवी? पत्ता शोधायलाही त्रास पडला नाही. कोल्मा हे गावच स्मशानांचे. जिवंत माणसे दीड हजाराच्या आसपास आणि पुरलेली पंधरा लाखांच्या घरात, असे सांगतात. मतदार याद्यांवर उमेदीची वर्षे घातलेल्या माणसाला असे गाव पाहून भरून येते. आमच्याकडे हे दोन्ही वर्ग एकाच यादीत नांदतात. तुम्ही त्यांची निदान गावे तरी वेगळी केलीत.

पत्रास कारण की, तुम्ही १९११ साली एक औषध काढले होते. त्याचा गुण कसा आला हे तुम्हाला कुणी कळवले नसेल, म्हणून कळवतो.

त्या काळी कॅलिफोर्नियात सदर्न पॅसिफिक नावाची रेल्वे कंपनी होती. रूळ तिचे, जमिनी तिच्या आणि आमदारही तिचेच. तुमचे वडीलसुद्धा कंपनीच्या बाजूचे पुढारी, म्हणून तुमचे त्यांच्याशी फाटले. हे वाचून मला फार जवळचे वाटले, कारण आमच्याकडे बाप एका पॅनेलमध्ये आणि लेक दुसऱ्या पॅनेलमध्ये ही जुनी रीत आहे. फरक एवढाच, की आमच्याकडे निकालानंतर दोघे एकाच ताटात जेवतात. १९१० च्या प्रचारात तुम्ही रेल्वेत पाऊल ठेवले नाही, उघड्या मोटारीने धूळ खात राज्य पालथे घातले आणि निवडून आलात. पुढच्याच वर्षी, १० ऑक्टोबर १९११ ला, मतदारांनी तुमच्या सुधारणांवर शिक्का मारला. बायकांना मताचा हक्क त्याच दिवशी मिळाला, आणि त्याच दिवशी तुमचे हे औषध, म्हणजे रिकॉलही, मिळाले. निवडून दिलेला माणूस बिघडला तर मुदत संपायची वाट कशाला पाहायची? सह्या गोळा करा, मतदान घ्या, घरी पाठवा.

औषध जालीम होते हे तेव्हाच दिसले होते. शेजारच्या ॲरिझोनाने घटनेत न्यायाधीशांनाही परत बोलवायची सोय केली, तेव्हा अध्यक्ष टाफ्ट यांनी राज्याचा दर्जाच अडवून धरला. ॲरिझोनाने मुकाट्याने ते कलम काढले, १४ फेब्रुवारी १९१२ ला राज्य झाले आणि त्याच वर्षी ते कलम पुन्हा घालून घेतले. ठराव बदलून घेतला, अधिकारी गेल्यावर जुना पुन्हा घातला. हे काम करणारा माणूस नक्कीच कुठल्या तरी पंचायतीत शिकलेला असणार.

आता मुद्द्यावर येतो. मध्यंतरी जावयाने आम्हाला उत्तरेला रेडिंगला नेले. नदीवर छायाघड्याळासारखी सावली पाडणारा पांढरा पूल आहे, तो पाहायला. हे शास्ता काउंटीचे मुख्य ठिकाण. काउंटी म्हणजे आमच्या जिल्हा परिषदेसारखे प्रकरण. वस्ती एक लाख ऐंशी हजारांवर, आणि कारभार पाच सुपरवायझरांच्या हाती. सुपरवायझर म्हटल्यावर सौ.ला आधी परीक्षेच्या वर्गात फिरणारे गुरुजी आठवले, मग बांधकामावर छत्री धरून उभा असतो तो. मी समजावून सांगितले, की हे पाच जण म्हणजे जिल्हा परिषद, स्थायी समिती आणि पालकमंत्री, सगळे एकात. तेव्हा ती म्हणाली, "मग भांडणार कुणाशी?" तिला पुढची हकीकत सांगितली.

आधी गावाचे नाव. तुम्ही ज्या रेल्वेशी लढलात, तिच्याच भाऊबंदातल्या सेंट्रल पॅसिफिक रेल्वेच्या एका जमीन-एजंटाचे नाव या गावाला आहे. १८७४ साली काही पुढाऱ्यांनी ते बदलून रीडिंग केले, परिसरातल्या एका जुन्या वसाहतकर्त्याच्या सन्मानार्थ. १८८० साली पुन्हा रेडिंग झाले. म्हणजे तुमचा कायदा यायच्या तीस वर्षे आधी इथे एक रिकॉल होऊन गेले होते, आणि त्यात जिंकली रेल्वे.

करोनाच्या काळात इथले लोक फार चिडले. मुखपट्टी लावा, दुकाने बंद करा, हे हुकूम सॅक्रामेंटोहून यायचे. गव्हर्नर दूर, सुपरवायझर हाताच्या अंतरावर. पाचातल्या तिघांविरुद्ध सह्यांची मोहीम सुरू झाली. सह्या पुरल्या त्या एकट्या लेनर्ड मोटी यांच्याविरुद्ध. हे गृहस्थ कोण? रेडिंगचे निवृत्त पोलीस प्रमुख, पक्षाने रिपब्लिकन, २००९ पासून खुर्चीवर. तुमच्या माझ्या हिशेबाने याच्याइतका सनातनी माणूस शोधून सापडायचा नाही. पण कायदा आहे तर तो पाळला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे पडले. पोलीस प्रमुखाला हे एवढे एक माफ करायला हरकत नव्हती. १ फेब्रुवारी २०२२ ला मतदान झाले आणि शंभरातल्या साधारण छप्पन्न मतदारांनी त्यांना घरी पाठवले.

आता तुमच्या आवडीचा भाग. या मोहिमेला लाखो डॉलर आले ते कनेक्टिकटमध्ये राहणाऱ्या एका धनिकाकडून. कनेक्टिकट देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, म्हणजे अटलांटिकच्या काठाला. या गृहस्थांची एकेकाळी शास्तात वाइनरी होती, बांधकामाच्या परवानग्यांवरून काउंटीशी बिनसले, आणि ते निघून गेले. पैसा मात्र येत राहिला. कागदोपत्री पाहिले तर एका जागेसाठी लागतात चार हजारांहून थोड्या जास्त सह्या. साहेब, तुम्ही हे औषध पैसेवाल्या कंपनीच्या जबड्यातून कारभार सोडवायला काढले होते ना? रेल्वेला निदान राज्यभर आमदार पाळावे लागत होते. आता एका वॉर्डाइतक्या सह्यांत काम होते. एवढी काटकसर सदर्न पॅसिफिकलाही जमली नसती.

तुम्ही म्हणाल, सही देणारे तर गावचेच ना? खरे आहे. आमच्या घराजवळच्या किराणा दुकानाबाहेर असाच एक पोरगा पुठ्ठ्याला कागद लावून उभा होता. कशासाठी सही हवी ते तो इतक्या वेगाने बोलला की मला फक्त "कॅलिफोर्निया" एवढे कळले. इथे सहीमागे पैसे घेऊन उभे राहणारेही असतात, असे जावयाने सांगितले. मी म्हटले, "बाळ, मी इथला मतदार नाही." त्याने तत्काळ तोंड फिरवले. मला वाईट वाटले. आमच्याकडे मतदार नसलेल्याची सही कुणी अशी वाया घालवत नाही.

पण मला सगळ्यात भावले ते एक कलम. रिकॉलची नोटीस द्यायची, तीत कारणे लिहायची २०० शब्दांत. ज्याला काढायचे आहे त्याने ७ दिवसांत उत्तर द्यायचे, तेही २०० शब्दांत. आणि ते कारण पुरेसे आहे की नाही, हे तपासायचा अधिकार कुणालाही नाही, असे राज्याच्या घटनेतच लिहिलेले आहे. हे वाचल्यावर मी चष्मा काढून पुसला. साहेब, माझ्या नोकरीत सरपंचांवर आलेले पाच अविश्वास ठराव मी स्वतः प्रोसिडिंग बुकात उतरवले आहेत. पाचही ठरावांत कारण एकच: "सरपंच हे सदस्यांना विश्वासात न घेता मनमानी कारभार करतात." खरे कारण एकदा विहिरीचे होते, एकदा रस्त्याच्या ठेक्याचे, एकदा मोडलेल्या सोयरिकीचे. उरलेल्या दोन वेळचे अजून समजलेले नाही. आम्हाला एका वाक्यात जमते त्याला तुम्ही २०० शब्द देता. मोठा देश आहे, परवडते.

आमची पद्धतही थोडी सांगतो. सदस्य तहसीलदारांना नोटीस देतात आणि त्याच रात्री सहलीला निघतात. गाडी चावडीवरून अकराला सुटते, मोबाइल एका पिशवीत जमा होतात. महाबळेश्वर, गणपतीपुळे, जमले तर गोवा. सभेच्या दिवशी सकाळी तीच गाडी थेट पंचायतीच्या दारात उभी राहते आणि सगळे जण उन्हाने रापलेले, झोप न झालेले, एकमताने हात वर करतात. पुढे आमच्याकडे सरपंच थेट गावातून निवडायचा कायदा २०१७ साली आला, २०२० साली गेला आणि २०२२ साली पुन्हा आला. आता अशा सरपंचाला काढायचे तर सदस्यांच्या ठरावावर ग्रामसभेत गावाचे गुप्त मतदानही लागते. अख्ख्या गावाला गोव्याला नेणे अजून कुणाला परवडलेले नाही, एवढाच काय तो दिलासा. मध्य प्रदेशात तर नगरपालिकेच्या अध्यक्षाला परत बोलवायची मतदाने दोन चिन्हांवर झालेली आहेत: रिकामी खुर्ची आणि भरलेली खुर्ची. माणसाचे नाव, पक्ष, भाषण, काही नको. इतकी प्रामाणिक मतपत्रिका मी दुसरी पाहिलेली नाही.

शास्तात पुढे काय झाले ते राहिले. मोटींच्या जागी टिम गार्मन आले. आता खुर्ची आपली, असे मोहीमवाल्यांना वाटले. पण या गार्मननी पुढे वेळोवेळी मत दिले ते नेमके दुसऱ्या बाजूला. एवढा खटाटोप करून दुसरा "मनमानी कारभार" आणला म्हणायचा. तरी २०२२ च्या नेहमीच्या निवडणुकीतून तिघांचे बहुमत जमले, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी तीन विरुद्ध दोन मतांनी डोमिनियन कंपनीशी असलेला मतदान यंत्रांचा करार मोडला. यंत्रांत घोटाळा झाल्याचा पुरावा कुणाजवळ नव्हता, पण संशय भरपूर होता. मग ठरले, सगळी मते हाताने मोजायची. या तिघांतले केविन क्राय यांनी मदतीसाठी बोलणी लावली ती उशा विकणाऱ्या माइक लिंडेल यांच्याशी. हे सौ.ला सांगितले तर तिचा विश्वास बसेना. मी म्हटले, आमच्याकडे गाद्यांवर राजकारण चालते, इथे उशांवर. शेवटी राज्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये कायदा करून हातमोजणी जवळजवळ बंद केली.

निवडून आलेल्या माणसाला तुमच्या कायद्यात पहिले ९० दिवस अभय असते. क्राय यांचे ते दिवस सरले आणि त्यांच्या विरुद्धही सह्या सुरू झाल्या. कालपर्यंत रिकॉलच्या नावाने ओरडणारे आता सह्या मागत होते, आणि कालपर्यंत सह्या मागणारे रिकॉलच्या नावाने ओरडू लागले. मधल्या काळात नियमही बदललेला होता. मोटींच्या वेळी मतपत्रिकेवर दोन प्रश्न होते: काढायचे का, आणि कुणाला बसवायचे. आता स्थानिक रिकॉलमध्ये फक्त पहिला. खुर्ची रिकामी झाली तर ती भरणार होते गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम. म्हणजे तोच सॅक्रामेंटोवाला, ज्याच्या हुकुमांपायी मोटी गेले. न्यूसम यांना स्वतःलाही रिकॉल करायचा प्रयत्न २०२१ साली होऊन गेला होता. राज्याचा सुमारे २० कोटी डॉलर खर्च झाला आणि ते जिथल्या तिथे राहिले. क्रायच्या बाजूचे लोक सांगत सुटले, यांना काढाल तर न्यूसमचा माणूस येईल. ५ मार्च २०२४ ला मतदान झाले. क्राय पन्नासच्या आसपास मतांनी वाचले. ती मते मोजली यंत्रांनी. हाताने पुन्हा मोजा, असे क्राय म्हणाल्याचे माझ्या ऐकण्यात नाही.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली. त्या बहुमतातले दुसरे, पॅट्रिक जोन्स, साध्या निवडणुकीत पडले. नोटीस नाही, २०० शब्द नाहीत, कनेक्टिकट नाही. मुदत भरत आली होती, लोक आले, दुसऱ्याला मत देऊन गेले.

तुमचे औषध काढून टाका, असे माझे म्हणणे नाही. आमच्या गावी ते असते तर एका सरपंचाला तरी मी स्वतःच्या हाताने नोटीस टंकून दिली असती. टंकलेखनाची फी न घेता. पण बाटलीवर एवढे तरी छापायला हवे होते, की खुर्ची रिकामी करणे सोपे आहे; ती भरणारा हात कुणाचा, हे आधी पाहून घ्यावे.

नातू उठला आहे, थांबतो. सौ.चा नमस्कार. लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपला,
एक निवृत्त ग्रामसेवक

ता. क. उत्तर पाठवणार असाल तर नियम तुम्हाला माहीत आहेतच: ७ दिवस, २०० शब्द. गाववाल्यांच्या सह्या जोडल्या तर उत्तम. तुमच्याकडे पंधरा लाख तर सहज निघतील.