टॉल युनिटवाले काका

नव्या सोसायटीत पझेशन मिळून लोक राहायला येऊ लागले की लिफ्टमध्ये एक गृहस्थ हमखास भेटतात. खिशात मोबाइल असो-नसो, पाच मीटरची टेप असतेच. "किचनचं काम काढलंय म्हणे? टॉल युनिट करताय?" आपण 'हो' म्हटलं की संपलं. संध्याकाळी काकांच्या चपला आपल्या दारात.

काका निवृत्त आहेत, बँकेतून किंवा पाटबंधारे खात्यातून. त्यांच्या आयुष्याला खरं वळण लागलं ते मात्र स्वतःच्या घरी टॉल युनिटचं उंच कपाट करून त्यात खाली ओव्हन आणि वर मायक्रोवेव्ह बसवायला घेतला तेव्हा. इलेक्ट्रिशियनने पॉइंट काढला होता बरोब्बर ओव्हनच्या पाठीमागे. 16 अँपियरच्या त्या जाडजूड प्लगने दोन इंच खाल्ले आणि ओव्हन तेवढाच बाहेर डोकावत राहिला. येणारा-जाणारा विचारायचा, "हा असाच असतो का?" त्या दोन इंचांनी काकांना घडवलं.

तेव्हापासून ते फक्त मिलिमीटरमध्ये बोलतात. मिस्त्री बिचारा 'दो फुट का बॉक्स' म्हणून मोकळा होतो आणि काका उसळतात. "दोन फूट म्हणजे 610! आपल्याला पाहिजे 600. त्यातून 18 चा प्लाय दोन्ही बाजूंचा, गेले 36. राहिले 564. ओव्हनला आत लागतात 560. तू आतून सनमायका मारणार, गेले अजून दोन. आता उरले किती?" मिस्त्री कानावरची पेन्सिल काढतो, परत ठेवतो आणि शांतपणे म्हणतो, "टेन्शन मत लो साब, एक सूत घिस देंगे." एक सूत म्हणजे तीन मिलीच्या वर. काका पाणी मागतात.

कुणी भाबडेपणाने विचारतं, "आमचा जुनाच मायक्रोवेव्ह कपाटात ठेवला तर?" कुंडली न बघता लग्न ठरवल्यासारखा काकांचा चेहरा होतो. ओट्यावर ठेवायच्या मायक्रोवेव्हला वर आणि बाजूंना मोकळी हवा लागते, पुढे नुसती चौकट ठोकून तो बिल्ट-इन होत नाही, हे ते पोटतिडकीने सांगतात. आणि खरं सांगायचं तर बरोबर सांगतात.

हवा हा तर त्यांचा खास प्रांत. कपाटाची पाठ पूर्ण बंद करायची नाही, खालच्या स्कर्टिंगला जाळी, वर गरम हवेला वाट. आपल्या घरचं उदाहरण दाखवायला ते पाहुण्यांना जमिनीवर बसवतात, ओव्हन चालू करतात आणि जाळीपाशी उदबत्ती धरतात. धूर आत ओढला गेला की विजयी मुद्रेने वर बघतात. धूर आत गेला नाही तर पंखा बंद करायला लावतात. काकू बाहेरून म्हणतात, "देवापुढे कधी लावली नाही मेली."

एवढ्या मेहनतीने बसवलेल्या ओव्हनमध्ये शिजतं काय? काकांना विचारू नका. त्यांना पदार्थ माहीत नाहीत, वॅट माहीत आहेत. "3000 भागिले 230, म्हणजे 13 अँपियर. साध्या सहाच्या पॉइंटवर लावाल तर वास येईल, केकचा नव्हे." दिवाळीत एकदा नानकटाई होते. एरवी ओव्हनचं दार उघडलं तर आत दोन कढया, बिडाचा तवा आणि आप्पेपात्र सुखाने नांदत असतात.

मायक्रोवेव्हची कथा जरा करुण आहे. सगळी मापं अचूक, पण उंची घेतली काकांनी स्वतःच्या खांद्याला बघून. काकू पाच फुटांच्या आत. उकळत्या आमटीचं भांडं त्यांच्या हनुवटीच्या पातळीवर बाहेर येतं. दोनदा ती कसरत करून झाल्यावर त्या निमूट गॅसकडे वळल्या. आता मायक्रोवेव्ह फक्त काका वापरतात, चहा गरम करायला, आणि दर वेळी दार लावताना बाजूची फट बोटाने चाचपून बघतात.

तरी तुम्ही काम काढलं असेल तर काकांना घरी येऊ द्या. ओव्हन घरात आल्याशिवाय, निदान त्याच मॉडेलच्या मापांचा कागद हातात पडल्याशिवाय प्लाय कापू देऊ नका, आणि पॉइंट शेजारच्या कपाटात काढा. उंचीचं तेवढं काकूंना विचारा.