बोटांचा अधिकृत भाव

मनुष्यदेह अनमोल आहे, असे सांगून साधुसंतांनी जो मोघम कारभार करून ठेवला होता, त्यास १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने अखेर चोख हिशेबाची शिस्त लावली, याबद्दल त्याचे ऋण मानावे तितके थोडेच. कमाईच्या शक्तीचा ऱ्हास त्याच्या पहिल्या अनुसूचीत शेकडेवारीने नमूद आहे: अंगठा ३०, तर्जनी १४, मध्यमा १२, अनामिका व करंगळी प्रत्येकी ७. तथापि शास्त्याची खरी प्रतिभा पुढेच प्रकटते. कारण अंगठ्यावाचून चारही बोटे निरनिराळ्या प्रसंगी गमावणाऱ्याची बेरीज अवघी ४० भरते, आणि तीच चार एका दणक्यात गमावणाऱ्यास मात्र ५० मिळतात. सबब, दरसाल एकेक बोट किरकोळीने यंत्रास देणाऱ्या अदूरदर्शी कामगारास मुकादमाने वेळीच समज द्यावी, व घाऊक व्यवहाराचे लाभ हजेरीच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवावेत, अशी आमची नम्र सूचना आहे. ज्या दुखापतीने तीन दिवसांहून अधिक काळ काम अडत नाही, तिला कायदा एक छदामही देत नाही. उतावळेपणाने बऱ्या होणाऱ्या देहास ही अद्दल योग्यच होय.

एवढ्या दूरदृष्टीच्या व्यवस्थेत किरकोळ अडचण एकच संभवते. निरक्षर अर्जदारास दाव्याच्या अर्जाखाली निशाणी करावी लागते, आणि ती अंगठ्याची असते. म्हणून प्रत्येक सुज्ञ कामगाराने नोकरीवर रुजू होताच, हात शाबूत आहे तोवर, चार-दोन कोऱ्या अर्जांवर अंगठा उठवून ते दप्तरी जमा करावेत. तारीख कचेरीतून भरली जाईल.