दीड सेंटिमीटर

2023 च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा वीस किलोचा क्रेट दोन हजारांच्या वर गेला आणि आमच्या पिंपळवंडीत ज्याच्या त्याच्या डोक्यात काही ना काही शिरलं. कुणी ट्रॅक्टर बदलला, कुणी बंगल्याचा स्लॅब टाकला, कुणी सोसायटीचं कर्ज फेडून शहाण्यासारखा गप्प बसला. माझ्या डोक्यात टायर शिरले.

दारात 2005 सालची सुमो आहे. सुमो हे नाव जपानी पैलवानांचं नव्हे, सुमंत मुळगावकरांच्या नाव-आडनावाची पहिली अक्षरं जोडून ठेवलेलं, असं सांगतात. 1994 साली ही गाडी बाजारात आली ती पुण्याच्या कारखान्यातून, म्हणजे माहेर आमच्याच जिल्ह्यातलं. आमच्या सुमोनं भावकीतल्या सात वराती, दोन बाळंतपणं आणि एकदा मागची सीट काढून जर्सी कालवड वाहिलेली आहे. कालवडीचा वास पावसाळ्यात अजून येतो.

अशा सुखी संसारात मोबाईल आला. रात्री जेवण झाल्यावर मी बघायचो : माणसं जुन्या गाड्या उंच करतात, टपावर तंबू बांधतात, स्पितीला जाऊन नदीकाठी कॉफी पितात. याला ओव्हरलँडिंग म्हणतात. आमच्याकडचे धनगर घोड्यावर बिऱ्हाड लादून, मेंढ्या पुढं घालून घाट उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. पिढ्यानपिढ्या चाललंय. पण त्यांचा व्हिडिओ नाही, म्हणून ते नुसतंच पोट भरणं.

“अहो, त्या पैशात घरघंटी येईल,” सौ. म्हणाली. मी तिला निसर्गातल्या एकांताबद्दल सांगितलं. ती दळण घेऊन गिरणीत गेली. तेवढा एकांत मला लगेच मिळाला.

आधी टायर. मूळचे 215/75 आर 15. मी घेतले 235/75, मड टेरेन, एकेक गट्टू असा की मध्ये बोट जावं. टायरवाल्याच्या पोरानं कागदावर हिशेब मांडून दिला. जुन्या टायरची उंची साधारण 703 मिलिमीटर, नव्याची 733. वाढली तीस. पण चाकाचा मध्य असतो निम्म्यावर, म्हणून गाडी उचलली जाते पंधरा मिलिमीटर, म्हणजे दीड सेंटिमीटर. चार टायर आणि स्टेपनी यांच्या पैशाला दीडनं भागलं तर सेंटिमीटरचा जो भाव निघतो, त्यापुढं जुलैतला टोमॅटोही लाजेल. वर मीटर चार टक्के कमी पळू लागला. शंभर किलोमीटर गेलो तर दाखवायचा शहाण्णव. माझ्या आयुष्यात कमी बोलणारी तेवढी एकच वस्तू होती.

दीड सेंटिमीटरवर माझं समाधान होईना, म्हणून आळेफाट्याच्या बाजूला कमानपाट्याचं काम करणाऱ्या एका मिस्त्रींकडं गेलो. ते गाडीखाली आडवे झाले, बॅटरी मारली, आणि खालूनच म्हणाले, “पाटे बसल्यात. शॉकअपबी गेल्यात. बुशांचं तर नावच नगा काढू.” माणूस डॉक्टर असता तर नातेवाईकांना बाहेर बोलावून सांगितलं असतं असा आवाज.

मी म्हटलं, जादा पाटा टाका, दोन इंच उचला. ते बाहेर आले, हात पुसले. “उचलतो. पन एक ऐका. पाटा टाकला की बॉडी वर जानार. मागचा डिफ्रन्शलचा गोळा हाय तिथंच ऱ्हानार. दगडाला आधी लागतो त्यो गोळा. त्याला उचलायचं तर टायरच मोठा पायजे.”

“टायर घातलाय ना. दीड सेंटिमीटर.”

“मग झालं तर,” ते म्हणाले.

पण काम बघण्यासारखं होतं. पाटा भट्टीत लाल झाला, सांडशीनं बाहेर आला, ऐरणीवर आठ-दहा घाव बसले. मग तो जुन्या पाट्यांवर धरून मिस्त्रींनी एक डोळा मिटून फट पाहिली, परत भट्टीत सारला, परत ठोकला, आणि शेवटी तेलात बुडवला. भस्सकन धूर. “ह्याला पानी देनं म्हंत्यात,” मिस्त्री म्हणाले, “तेलात बुडवलं तरी.”

मला आजोबांची बैलगाडी आठवली. तिच्या लाकडी चाकावर लोखंडी पट्टी असायची, तिला धाव म्हणत. शेणीच्या जाळात धाव लाल करायची, चाकावर चढवायची आणि वरून घागरीनं पाणी ओतायचं. ती आकसून चाकाला अशी आवळायची की लाकूड कुरकुरायचं. सस्पेन्शन म्हणजे गाडीत अंथरलेला कडबा. पुढं डनलप गाड्या आल्या. हवेचा टायर 1888 साली बेलफास्टच्या त्या डनलपनं पोराच्या तीनचाकीसाठी बनवला, आणि तो होता जनावरांचा डॉक्टर. आमच्या गावात याचं कुणाला नवल वाटणार नाही. आमच्याकडंही जनावरांच्या डॉक्टरला मोटार का पेटत नाही ते विचारतात.

गाडी घरी आणली तेव्हा अंधार पडला होता. मागून दोन इंच वर, पुढून होती तशी. त्यामुळं सुमो शिंगं रोखलेल्या बैलासारखी उभी, आणि हेडलाईटचा उजेड बंपरपुढं चार हातांवर. समोरचा रस्ता सोडून मला सगळ्या मुंग्या दिसत होत्या. त्यात ते टायर डांबरावर घुमायला लागले. खालच्या पट्टीतली, लांबणारी गुरगुर. उसाच्या कडेनं वस्तीजवळ आलो तर कुत्री ओरडली, दिवे लागले, कुणीतरी ताट बडवलं, पाठोपाठ फटाके. आमच्या जुन्नर तालुक्यात बिबट्याची चेष्टा कुणी करत नाही. माणिकडोहला निवारा केंद्र आहे, तरी दिवेलागणीनंतर पोराला कुणी अंगणात एकटं सोडत नाही. मी उतरून सगळ्यांपुढं हात जोडले. तेव्हापासून वस्तीजवळ आलो की हॉर्न देतो.

राहता राहिली कमान. रिकामी सुमो आता खड्ड्यात बसत नव्हती, खड्ड्यावरून उडत होती. नारायणगावापर्यंत गेलो आणि मणक्यांची संख्या मोजून आलो. मिस्त्रींना फोन केला. “वज्जन टाका,” ते म्हणाले, “तीनशे किलो टाकलं की मऊ चालंल.” तीनशे किलो म्हणजे वीस किलोचे पंधरा क्रेट, नाहीतर आमच्या भावकीतली साडेतीन माणसं.

असा माझ्या एकांताचा पहिला प्रवास आत्या, दोन चुलते, पुतण्या आणि मासवड्यांचा डबा घेऊन निघाला. ठिकाण मात्र मी हट्टानं निवडलं होतं. ओव्हरलँड म्हणावं तर नाणेघाट. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याचा माल याच वाटेनं जुन्नरला चढायचा. लेण्यात सातवाहनांच्या नागनिका राणीचा लेख आहे आणि वर जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजण. बैलांच्या पाठीवर गोणी, खाली कातळ. शॉकअपबद्दल त्या लेखात काही नाही.

अडचण एकच. जुन्नरहून घाटघरपर्यंत डांबरी रस्ता आहे. एवढ्या टायरांनी डांबरावरून जायचं माझ्या जिवावर आलं. पठारावर धुकं, रिमझिम, कडेला पार्किंगचा चिखल. मी व्हिडिओत बघितल्याप्रमाणं टायरांतली हवा निम्मी केली आणि मुद्दाम त्या चिखलात गाडी घातली. दहा फुटांवर खालून ‘टक्’ असा आवाज आला. गोळा टेकला होता. कमी किती पडलं ते मोजलं नाही.

आत्या काचेतून म्हणाली, “उतरायचं का रे इथं?” उतरली, चुलते उतरले, पुतण्या आधीच उतरून शूटिंग करत होता. चौघांनी ढकलली, गाडी निघाली, चुलत्यांची धोतरं गेली. तेवढ्यात दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या बांधलेला एक मोटरसायकलवाला त्याच चिखलातून सरळ निघून गेला. मागचा टायर गुळगुळीत. मग निम्म्या हवेवर जुन्नरपर्यंत गोगलगायीसारखे आलो, कारण हवा भरायचा पंप व्हिडिओत होता, माझ्याकडं नव्हता. मासवड्या पंक्चरवाल्याच्या बाकड्यावर खाल्ल्या. त्यालाही दिल्या. त्यानं हवेचे पैसे घेतले नाहीत.

पुढं 2025 साली जुनी गाडी म्हणून पासिंगची वेळ आली, आणि आरसीत लिहिलंय त्यापेक्षा गाडी वेगळी करायची नाही असं सांगणारं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मी चष्मा लावून वाचलं. मुकाट्यानं जुन्या मापाचे टायर चढवले. जादा पाटाही काढला, तो गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून फार मजबूत आहे.

तर मंडळी, 235/75 आर 15 मड टेरेनचे चार टायर आणि स्टेपनी, जेमतेम चाललेले, चिखल एकदाच लागलेला, पिंपळवंडीत विकणे आहेत. बदल्यात घरघंटी चालेल.