साइनचे चरण धरावे कसे

अकरावीतल्या मुलाला पाहुण्यांसमोर विचारू नयेत असे प्रश्न पुष्कळ आहेत. त्यांतला अग्रगण्य म्हणजे, "साइन 150 अंश धन की ऋण?" मुलगा आधी पंख्याकडे पाहतो, मग आईकडे, आणि शेवटी "ऑल सिल्व्हर टी कप्स" असा मंत्र पुटपुटतो. कप पाठ असतात, चहा कशात ओतायचा हे माहीत नसते. या जुनाट विकारावर खात्रीचा इलाज म्हणून प्रस्तुत मार्गदर्शिका सिद्ध केली आहे. प्रयोगस्थळ: कार्ले, तालुका मावळ. साहित्य: एक वही, एक पेन्सिल, न चावणाऱ्या चपला आणि एक विद्यार्थी. स्वतःचा नसल्यास भाचा चालतो. मी भाचाच वापरला.

स्थळाची निवड उगाच केलेली नाही. पाठ्यपुस्तकात आलेखाच्या चार भागांना चरण म्हणतात. मग चरणांचा अभ्यास एकवीरा आईच्या पायथ्याशी करायचा नाही तर कुठे? फरक इतकाच की देवीला दोन चरण आहेत आणि गणिताला चार. त्यामुळे ते जनावरासारखे अंगावर येते.

पुणे–लोणावळा लोकलने मळवलीला उतरून कार्ला फाटा गाठावा. फाटा हा आपला आरंभबिंदू. जुना मुंबई–पुणे महामार्ग हा एक्स-अक्ष; पुण्याची बाजू धन, मुंबईची ऋण. आलेखात उजवीकडे धन धरतात, यापलीकडे त्याला कारण नाही. पुणेकरांनी तरीही काही समजून घ्यायचे असेल तर घ्यावे. वाय-अक्षासाठी दक्षिणेला लोहगड आणि विसापूर यांच्यामधल्या गायमुख खिंडीच्या रोखाने रेघ मारावी आणि तीच मागे उत्तरेला वाढवावी. रेघ जराशी कलली तर मनाला लावून घेऊ नये, मावळात काटकोनात असे फारसे काही नाही. महत्त्वाची सूचना: आरंभबिंदूवर प्रत्यक्ष उभे राहू नये. एक्स-अक्षावर उभे राहिले की साइन शून्य होते, आणि हा अक्ष महामार्ग असल्याने उभा राहणाराही. कडेच्या टपरीवर बसून कल्पना करावी.

आता पुण्याकडे तोंड करून डावीकडे वळत जावे. डावीकडे म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट, हे ध्यानात असू द्यावे. पुढे याचाच घोटाळा होणार आहे. 0 ते 90 अंश पहिले चरण. 90 ओलांडले की दुसरे, आणि त्यातच, उत्तरेला किंचित पश्चिमेकडे, वेहेरगावच्या डोंगरात लेणी आणि आईचे देऊळ. 180 ला मुंबई. त्यापुढच्या तिसऱ्या चरणात लोहगड, चौथ्यात विसापूर.

साइन विचारते ते एवढेच: रस्त्याच्या वर आहेस की खाली? वर म्हणजे नकाशात उत्तरेला, खाली म्हणजे दक्षिणेला. पुण्याकडे की मुंबईकडे, ही चौकशी कॉसची. तिच्यात साइनला काडीचा रस नाही. विद्यार्थी नेमका इथेच फसतो. 150 अंशांना तो मुंबईच्या बाजूला गेलेला असतो, तिथे सगळे ऋण असणार असे त्याला वाटते आणि तो उणे चिन्ह ठोकून मोकळा होतो. मी भाच्याला विचारले, "150 ला तू कुठे?"

"दुसऱ्या चरणात."

"म्हणजे लेण्यांच्या बाजूला की लोहगडाच्या?"

"लेण्यांच्या."

"मग?"

"धन. एक छेद दोन." मग जरा थांबून, "मामा, एवढंच होतं?"

एवढेच होते. 210 ला तो लोहगडाच्या बाजूला, म्हणून उणे एक छेद दोन. 330 ला विसापूरकडे, तेही उणे एक छेद दोन. इथे त्याने रास्त शंका काढली, की विसापूर समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच, मग त्याची साइन ऋण कशी? ही शंका येणाऱ्या विद्यार्थ्याला दोन मार्क जादा द्यावेत आणि सांगावे की उंची कागदावरची मोजायची, गडाची नव्हे. ऋण म्हणजे हलके असेही नव्हे. नाना फडणविसांनी आपली धनदौलत ठेवायला लोहगडच निवडला होता, आणि 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीतही तो गेला. ऋण चरणात राहून इतके धन दुसऱ्या कोणी जमवल्याचे ऐकिवात नाही.

ज्यांना नकाशा पटत नाही त्यांनी पंचांग काढावे. आर्यभटाने इसवी सन 499 मध्ये अर्धज्यांची, म्हणजे साइनचीच, कोष्टके दिली ती पावणेचार-पावणेचार अंशांच्या चोवीस पायऱ्यांची, म्हणजे 90 अंशांपुरतीच. बाकीच्या तीन चरणांत आकडे तेच फिरून येतात, बदलते ते चिन्ह. (ही ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. तिची जीवा झाली, अरबांकडे जाऊन जीब, तिथल्या वाचणाऱ्यांनी ती जैब वाचली, म्हणजे वस्त्राचा घोळ, आणि लॅटिनवाल्यांनी त्याचे सायनस केले. आपल्याकडे हिंदीत खिशाला जेब म्हणतात तो शब्दही तोच. म्हणजे खिसा धन की ऋण, असाच मूळ प्रश्न आहे.) आता पंचांग: सायन सूर्य मेषेपासूनच्या सहा राशींत असला की उत्तरगोल, तुळेपासूनच्या सहांत दक्षिणगोल. वसंतसंपातापासून मोजलेल्या सूर्याच्या कोनाच्या साइनचे चिन्हच आहे हे, फक्त आपल्या लोकांनी त्याला अधिक-उणे न म्हणता उत्तर-दक्षिण म्हटले. आईची चैत्रातली यात्रा पहिल्या चरणात येते. नवरात्र बहुधा तिसऱ्यात. 2025 ला घटस्थापना 22 सप्टेंबरला आली आणि त्याच दिवशी मध्यरात्रीच्या जरा आधी सूर्याने 180 अंशांचा उंबरठा ओलांडला. घट बसले तेव्हा साइन शून्याला टेकलेली होती.

हे सारे समजल्यावर लेण्यात जावे. पायऱ्यांवर थांबत थांबत चढावे, वाटेत लिंबू सरबत घ्यावे, धाप लागल्यावर गणित काढू नये. देशातल्या कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठे हे, लांबी सुमारे 124 फूट. आत गेल्यावर वर पाहावे. दोन हजार वर्षांच्या आसपास टिकलेल्या लाकडी फासळ्या, आणि त्यांची ती कमान. वर्तुळाचा फक्त वरचा अर्धा. पहिले आणि दुसरे चरण, साइन अथपासून इतिपर्यंत धन. खालचा अर्धा खडकातच राहिला. खांब कोरायला यवनांपासून सगळ्यांनी दाने दिली, नावे लिहून ठेवली. दानाच्या जागेत ऋण कोण कोरेल? (चिकित्सकांसाठी: कमान तंतोतंत अर्धवर्तुळ नाही, दोन्ही बाजूंना जराशी उंचावलेली आहे. चिन्हाला त्याने बाधा येत नाही.)

आणि आता तो घोटाळा. स्तूपाभोवती खांबांमागून फिरायला वाट आहे, बाजूंना पंधरा-पंधरा खांब आणि मागे साधे अष्टकोनी सात. श्रद्धाळू माणूस इथे सवयीने प्रदक्षिणा घालतो, आणि प्रदक्षिणा काट्यांच्या दिशेने असते. म्हणजे कोन ऋण! 30 अंश चाललात की तुम्ही उणे 30 वर, चौथ्या चरणात, साइन उणे एक छेद दोन. पुण्य धन, साइन ऋण. ही अडचण ओळखून मी भाच्याला उलटे फिरायला सांगितले. तो निम्म्या वाटेवर असताना समोरून येणाऱ्या एका आजींनी त्याचा दंड धरला. "अरे लेकरा, उजव्या अंगानं!"

"आजी, मी धन कोनात चाललोय."

आजींनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेचे चिन्ह शोधायला कुठल्याही सूत्राची गरज नव्हती. आम्ही उजव्या अंगाने प्रदक्षिणा पूर्ण केली. उणे 360, साइन शून्य. कोणाचेच नुकसान झाले नाही.

पाठांतराशिवाय ज्यांना करमत नाही त्यांनी निदान चांदीचे कप सोडावेत आणि हे घ्यावे: "सगळे सायंकाळी टपरीवर कटिंग." पहिल्या चरणात सगळे धन, दुसऱ्यात साइन, तिसऱ्यात टॅन, चौथ्यात कॉस. आम्ही हे सूत्र फाट्यावर परत आल्यावर प्रात्यक्षिकासह पाठ केले, दोन-दोन वेळा. मळवलीची लोकल चुकू नये म्हणून धावत सुटलो आणि डब्यात बसल्यावर मी शेवटची परीक्षा घेतली. "साइन 1000 अंश?"

त्याने बोटे मोजली. "दोन फेऱ्या म्हणजे 720 वजा. उरले 280. चौथं चरण, विसापूर. ऋण."

"शाब्बास."

"मामा, टपरीवाल्याचे पैसे तू दिलेस ना?"

मी खिसा चाचपला. चार कटिंग. तेही ऋण.