चावणारी चप्पल विकायची कशी

आमच्या आबांना धंदा कळत नाही, असं सगळी भावकी म्हणते. आबा म्हणजे माझे सासरे. चाळीस वर्षं कोल्हापुरी चपला करतात, आणि दारात आलेल्या गिऱ्हाइकाला पहिलं वाक्य ऐकवतात, "चावणार बघा. आठ दिस तरी चावणारच." त्यांच्या या वेडेपणाची मला आज स्तुती करायची आहे, आणि ती मी मनापासून करते आहे.

गेल्या उन्हाळ्यात विक्रीकौशल्याच्या तीन दिवसांच्या शिबिराला मी गेले होते. गोधड्या शिवणाऱ्या, मातीची भांडी करणारे, लाकडी खेळणी रंगवणारे असे वीसेक जण होतो. शिकवणारे तळमळीने शिकवत होते. मालातली उणीव आपण होऊन काढायची नाही. गिऱ्हाईक "बघून सांगते" म्हणालं तर रिकाम्या हाताने सोडायचं नाही, सवलत आजच्यापुरतीच आहे म्हणायचं. 'नाही' हा शब्द दुकानात काढायचाच नाही. मी वही भरून घरी आणली.

मग जून उजाडला. अंबाबाईचं दर्शन घेऊन पुण्याची एक मुलगी आमच्याकडे आली. गोंड्याचा एक जोड तिच्या मनात भरला. पायात घालून चार पावलं चालली, आरशात पाहिलं आणि पैसे काढता काढता म्हणाली, "उद्या कोकणात चाललोय, तिथेच घालीन." आबांनी जोड तिच्या हातातून काढून घेतला.

"पोरी, पावसात ह्यो जोड न्यायचा न्हाई. बाभळीच्या सालीत, हिरड्यात पिकवलेलं चामडं हाय. पाणी प्यालं की फुगतंय, वाळलं की कडक हुतंय. दसऱ्याला ये, तुझ्या मापाचा करून देतो."

ती म्हणाली, "आजोबा, मी जपून वापरीन." आबा म्हणाले, "कोकणातल्या पावसात कसली जपतीस?" आणि तिच्या पायाचं माप घेऊन तिला वाटेला लावलं. सकाळपासून भवानी झाली नव्हती. मी आत चपलेची वेणी विणत होते, माझे हात थांबले. जेवताना मी वही उघडून त्यांना सगळे नियम वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ही माणसं चपला करत्यात काय?"

या प्रश्नावर मी बरेच दिवस विचार केला. कोल्हापुरी चप्पल दोनदा घडते. एकदा रापी-आरीखाली, आणि दुसऱ्यांदा घालणाऱ्याच्या पायात. तळ जाड, कातडं ताठ, आमच्या जोडात खिळा नाही, शिवण चामड्याच्या वादीची. पहिले काही दिवस चपलेचा अंगठा आणि बाजूचे कान लागतात. मग पायाच्या उबेने आणि घामाने चामडं सैलावतं, टाचेखाली खळगा पडतो आणि तो जोड दुसऱ्या कुणाच्या पायाला नीट बसत नाही. ज्याला हे आधी सांगितलेलं नसतं तो तिसऱ्या दिवशी जोड माळ्यावर टाकतो आणि चारचौघांत सांगतो की कोल्हापुरी काही खरी नाही. ज्याला सांगितलेलं असतं तो अंगठ्याला तेल लावतो, संध्याकाळी तासभर घरातल्या घरात घालतो आणि वाट पाहतो. फोड दोघांच्याही पायाला येतो. आबांचं ते पहिलं वाक्य म्हणजे विकलेल्या मालाचाच एक भाग आहे, जसा पट्टा किंवा वेणी.

पहिल्या क्षणापासून मऊ लागणारी, रेक्झिनची, डिंकाने चिकटवलेली चप्पल कोल्हापुरीच्या नावाने कुठेही मिळते. 2019 साली आपल्या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून. ते हवंच होतं. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या फॅशन कंपनीने आपल्या कोल्हापुरीसारख्याच चपला मिरवल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. ओरड झाल्यावर मूळ कुठलं ते मान्य केलं. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत सगळे चिडले होते, मीही चिडले होते. पण मानांकनाचा कागद गिऱ्हाइकाच्या पायाला काही सांगत नाही. ते काम शेवटी चप्पल करणाऱ्याने तोंडानेच करायचं असतं.

आबांची एक वही आहे. लांबट, हिशेबाची, पाठीला चामडं लावलेली. तिच्यात हिशेब नाही, पाय आहेत. गिऱ्हाइकाला पानावर उभं करून पेन्सिलीने काढलेली पावलं. बोटांच्या मधे पेन्सिल अडकून उडालेल्या रेघा तशाच आहेत. एका पानावर लिहिलंय, "गडहिंग्लज. मास्तर. उजवा अर्धा बोट मोठा. डाव्या करंगळीला घट्टा. कान लागला." त्याखाली वेगळ्या शाईत, "कान तासला. न्हाई लागला." जोड दिल्यावर दोनेक महिन्यांनी माणूस भेटला, बाजारात नाहीतर लग्नात, की आबा विचारतात, "कुठं लागली?" चप्पल आवडली का, असं ते कधी विचारत नाहीत. लागली असणारच हे धरून चालतात, म्हणून माणूस भीड न ठेवता खरं सांगतो, आणि पुढच्या जोडाला रापी नेमकी तिथे फिरते. त्या मास्तरांचा मुलगा आता आमच्याकडून घेतो, नातूही. शिबिरात जुनं गिऱ्हाईक टिकवण्यावर अख्खी एक दुपार घालवली होती. त्या दुपारी ही वही माझ्याजवळ असायला हवी होती.

त्यांच्या एका वेडेपणाची मात्र मी स्तुती करणार नाही. जोडाची किंमत काढताना आबा चामडं धरत, वादी धरत, गोंडा धरत, स्वतःची मजुरी अर्धीमुर्धी धरत. वेणी धरतच नसत. वेणी सासूबाई घालतात, आता मीही घालते. बारीक पातीची वेणी असली तर दुपार जाते आणि रात्री बोटांच्या पेरांना भाकरी थापताना झोंबतं. घरातल्या बाईच्या कामाचे पैसे कसले, असं कुणी म्हणत नव्हतं, तरी हिशेबात ते कधी आले नाहीत. शिबिरात मी तासांचा हिशेब मांडायला शिकले आणि त्यासाठी मी त्या शिकवणाऱ्यांची कायमची ऋणी आहे. 1,200 चा जोड 1,650 वर नेला. आबा दोन दिवस बोलले नाहीत. गिऱ्हाइकं भाव ऐकून परत गेली, तेव्हा त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग एका बाईंनी विचारलं, "एवढं काय आहे यात?" आबांनी सासूबाईंना बाहेर बोलावलं, त्यांचा हात धरला आणि बोटं उलटी करून दाखवली. त्या बाईंनी जोड घेतला. घ्यायच्या आधी आबांनी त्यांनाही सांगितलं की चावणार.

दसरा झाला, दिवाळी झाली. पुण्याची मुलगी आली नाही. तिच्या मापाचा जोड त्यांनी सांगितल्याप्रमाणे करून ठेवला होता, तो फळीवर वरच्या बाजूला आहे. परवा वही चाळता चाळता मी म्हटलं, हे एक पान फाडून टाकू का? आबांनी वही माझ्या हातातून घेतली. पानावर तिचं पाऊल होतं, खाली पुणे लिहिलं होतं, आणि त्याच्यापुढे जागा कोरी सोडलेली होती.

"राहू दे," म्हणाले. "कुठं लागती, ते अजून कळायचंय."